तार लहान, अडसर मोठा

डिसेंबर २००४ मधील त्सुनामीने अंदमान-निकोबारची दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीपर्यंत निरोप पोहोचविण्यात हौशी रेडिओचालकांचा मोठा वाटा होता. भारती प्रसाद व त्यांचे सहकारी तेथे दूरदेशी संपर्काच्या हौसेनेच गेले होते, हे विशेष.

या हौसेस महागडा मनोरा लागतोच असे नाही. २० मीटर पट्ट्यासाठी पाच-पाच मीटरच्या दोन तांब्याच्या तारा, मध्ये केबल आणि टोकांना प्लास्टिकच्या नळीचे तुकडे एवढ्या घरगुती सामग्रीवर युरोप गाठता येतो. मात्र तार दहाएक मीटर उंच हवी आणि शहरातील चालक येथेच अडतो. परवाना केंद्र सरकारचा असला, तरी गच्ची सोसायटीची! वीज पडण्याची आणि लहरींची भीती पुढे करून अनेकदा परवानगी नाकारली जाते. पहिली शंका रास्त आहे, अर्थिंग हवेच. दुसरीचे मात्र नवल वाटते, कारण भाडे मिळत असेल तर मोबाइलच्या मनोऱ्याला तीच गच्ची चालते.

आपत्तीच्या वेळी तर उंचीचाही आग्रह उरत नाही. ४० मीटर पट्ट्याची सुमारे वीस मीटर लांबीची तार चार-पाच मीटर उंचीवर ताणली, तर लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून परततात आणि शे-दोनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. घाटापलीकडच्या तालुक्याशी दिवसा बोलण्यास नेमके हेच लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत परवानाधारकाच्या अशा तारेसाठी स्पष्ट कलम घालणे सहकार खात्याला अवघड नाही.