इंजिनाची कुरकुर

गेल्या रविवारीं आमचा भाचा आपली जुनी बुलेट घेऊन दारांत उभा राहिला. "मामा, टिकटिक वाढली आहे. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावें लागेल. तुम्ही एकदां ऐका." आठवड्याभरांत त्याला कोल्हापुराहून आंबा घाट उतरून रत्नागिरीस जावयाचें होतें, आणि खर्चाचा आंकडा महिन्याच्या पगाराला भिडणारा होता.

आम्हीं आधीं तेलाची पातळी पाहिली. तेल उणें असतां आवाजाची चिकित्सा करीत बसणें व्यर्थ होय. तें पुरेसें होतें, म्हणून गाडी सुरू करावयास सांगितली.

मद्रासेस १९५५ सालीं ज्या बुलेटची जुळणी सुरू झाली, तिच्या जुन्या धाटणीच्या इंजिनांत झडपा उघडण्याचें काम लांब पुशरॉड करतात. त्यांची टिकटिक सायलेन्सरच्या धडधडीशीं ताल धरून चालते. ती थोडी असणें हा त्या इंजिनाचा स्वभावच आहे; दुखणें नव्हे. शेजाऱ्यांच्या टोमण्यांना कंटाळून आम्हीं एकदां ती पार बंद करविली होती. टॅपेट आवळतांच गाडी शिवणयंत्रासारखी मऊ चालूं लागली, व आम्ही स्वतःवर खूष झालों! कांहीं महिन्यांनीं सकाळीं किक मारतां मारतां घाम फुटूं लागला. झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकली तरच तिची उष्णता निघून जाते. आमची टेकतच नव्हती, आणि एक्झॉस्टच्या झडपेची कड जळून गेली होती. तेव्हांपासून फार गप्प इंजिनाचेंच आम्हांस भय वाटतें.

लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक इंजिनाला लावून मूठ कानामागील हाडाशीं धरली, कीं आवाजाचें मूळ सांपडतें. भाच्याच्या गाडीचा आवाज टॅपेटच्या झांकणाशीं स्पष्ट होता. खालीं क्रँककेसशीं कांहींच नव्हतें. इंजिन पुरतें निवेपर्यंत चहा झाला. मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणून झांकण काढलें. पुशरॉड बोटांनीं सहज फिरावा, पण वरखालीं हलूं नये. एक्झॉस्टचा हलत होता. नट सैल करून फट बसविली, नट पुन्हां आवळला. टिकटिक निम्म्यावर आली. उरलेली तशीच राहूं दिली. (हायड्रॉलिक टॅपेटच्या नंतरच्या बुलेटना ही खटपट लागत नाहीं.)

निघतांना मात्र त्याला बजाविलें. थंड इंजिनाची खडखड तापल्यावर विरत असेल तर ती पिस्टनची. प्रवास तिच्यासाठीं रद्द करूं नये. चढावर कांचेच्या गोट्या खळखळल्यासारखें वाजलें, तर गिअर खालचा घ्यावा, आणि तरीहि न थांबल्यास इग्निशनचें टायमिंग तपासवावें. परंतु खालून ठक्‌ ठक्‌ असा जड ठोका येऊं लागला व अॅक्सिलरेटर देतांच वाढला, तर तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा समजून गाडी जागींच बंद करावी आणि टेंपोंत घालून आणावी. तसेंच रेटीत गेल्यास इंजिन एकाएकीं जखडतें, मागचें चाक अडकतें. आणि घाटाच्या वळणावर तें अडकलें तर पैशांचा प्रश्नच उरत नाहीं.

परवां रात्रीं त्याचा फोन आला. घाट उतरून सुखरूप पोंचला होता. टिकटिक आहे तेवढीच आहे, म्हणाला.