खोट्या दागिन्यांचा खरा उपयोग



लग्नसराई आली की घरोघर एकच विषय निघतो. कपाटात साड्या पाच-सहा, त्यातल्या भारी म्हणाव्या अशा दोन. जावेच्या मुलीच्या लग्नात तीच हिरवी, नणंदेकडच्या साखरपुड्याला पुन्हा तीच हिरवी! ‘हिला दुसरी साडी नाही की काय?’ असे कोणी म्हणेल या धाकाने उधारीवर नवी साडी येते. दागिन्यांचे तर विचारूच नका. बहिणीची पोत, शेजारणीच्या बांगड्या मागून आणायच्या, कार्य पार पडेपर्यंत जीव मुठीत धरून वावरायचे. त्यातले एखादे कानातले हरवले की भरपाई तर करावी लागतेच, वर नात्यात तेढ येते ती वेगळीच.

या सगळ्यावर एक साधा उपाय आहे, पण त्याचे नाव काढले की आपण नाक मुरडतो. तो म्हणजे खोटे दागिने. कोणी त्यांना बेंटेक्स म्हणते, कोणी इमिटेशन, कोणी एक ग्रॅमचे. आमचे म्हणणे असे, की सोन्याकडून आपण दोन कामांची अपेक्षा करतो. एक शोभेचे, दुसरे अडीअडचणीला आधाराचे. ही दोन कामे वेगळी केली तर संसाराचे बरेच ओझे हलके होते. शोभेला खोटा दागिना पुरतो. आधार मात्र खराच हवा.

काही वाचक भगिनी विचारतील, बाबासाहेबांनी तर वेगळे सांगितले होते ना? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे नेसण्याची जुनी पद्धत बदला, गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाचे, चांदीचे दागिने टाकून द्या, घालायचेच तर सोन्याचे घाला, नाही तर घालू नका, असे त्यांनी बजावले. ते दागिने म्हणजे आपल्या आयाबायांवर मारलेला हलकेपणाचा शिक्का होता. बाईला पाहताच तिची जात ओळखू यावी, ही त्यामागची व्यवस्था होती. तो शिक्का पुसणे हा त्या सांगण्याचा गाभा होता, असे आम्हाला वाटते. आजचे मोती आणि ठुशी सगळ्याच जातीधर्मांच्या बायका घालतात. त्यावरून कोणी कोणाला ओळखत नाही. पण खोटा दागिना खरा म्हणून मिरवणे आणि सोन्यासाठी कर्ज काढणे, या दोन्ही गोष्टींत आपला मान नाही. कोणी विचारले तर ‘बेंटेक्सचे आहे, छान दिसते ना?’ असे हसून सांगता आले पाहिजे.

आता कामाचे बोलू. आहेत त्याच साड्यांना तीन सेट पुरतात.

पहिला मोत्यांचा. दोन पदरी माळ आणि कुड्या. मोती बहुतेक सगळ्या रंगांवर चालतात. आपल्याकडे लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, त्या साडीवर मोत्यांसारखी शोभा दुसऱ्या कशाची नाही. पुढे तोच सेट गडद निळ्या किंवा जांभळ्या साध्या साडीवर घाला, साडीचे रूपच पालटते.

दुसरा सोनेरी. ठुशी, बोरमाळ, झुमके आणि चार बांगड्या. हा काठपदराच्या साडीसाठी. साखरपुड्याला नुसती ठुशी, लग्नाला ठुशी आणि बोरमाळ दोन्ही, बारशाला नुसती बोरमाळ. एका सेटचे असे तीन सेट होतात. ठुशीला मागे दोरा असतो. तो आवळला की ठुशी गळ्यालगत बसते, सैल केला की खाली उतरते.

तिसरा ऑक्सिडाईजचा, काळसर चांदीसारखा दिसणारा. सुती साडी, हातमागाची साडी, खणाचा ब्लाऊज यांवर तो खुलतो. कॉलेजातली लेक तोच कुर्त्यावर घालील, म्हणजे एका खरेदीत दोघींचे भागले.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जर सोनेरी असेल तर दागिना सोनेरी, जर रुपेरी असेल तर मोती किंवा ऑक्सिडाईज. आणि गळा भरलेला असेल तर कान हलके ठेवा. मोठे झुमके घातले तर गळ्यात एक बारीक पोत पुरे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना किंवा कोणाच्या पुण्यानुमोदनाला यातले काहीच नको. तिथे साधेपणाच शोभतो.

खरेदी करताना एवढे माहीत असू द्या. हा दागिना आतून पितळेचा किंवा तांब्याचा असतो आणि वरून विजेच्या प्रवाहाने त्याला सोन्याचा अगदी पातळ मुलामा देतात. ‘एक ग्रॅम’ हे नुसते नाव आहे, त्यात एक ग्रॅम सोने असते असे नाही. कडी, फासा आणि सांधे हाताने तपासून घ्या, कारण दागिना पहिला तिथेच तुटतो. मुंबईत भुलेश्वरच्या बाजारात हा माल घाऊक मिळतो. पाच-सहा जणींनी मिळून घेतला तर स्वस्त पडतो, आणि वेगवेगळे सेट घेऊन आपसांत बदलून घालता येतात. खोटा असल्यामुळे हरवला तरी भांडण नाही.

मुलामा टिकवणे आपल्या हातात आहे. पावडर, तेल, अत्तर सगळे झाल्यावर दागिना शेवटी घाला आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी काढा. मऊ कोरड्या कापडाने घाम पुसा. चिंच, साबण, राख काही लावू नका. प्रत्येक नग वेगळ्या कापडी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

काही जणींच्या कानाला खाज सुटते, पाणी येते. बहुतेक वेळा हे धातूतल्या निकेलमुळे होते. अशांनी कानात घालायची दांडी चांगल्या स्टीलची घ्यावी, आणि त्रास थांबेना तर डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलांच्या हाती हे दागिने देऊ नयेत. ती तोंडात घालतात, आणि हलक्या मालात शिसे असू शकते.

फसवणुकीपासूनही सावध राहा. दारावर येऊन ‘सोने आहे, अडचणीत आहे म्हणून स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याला आणि दागिने उजळून देतो म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. एक मुलाम्याचे विकतो, दुसरा तुमचे खरे सोने उतरवून नेतो. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर अक्षरे आणि अंक मिळून सहा खुणांचा क्रमांक असतो. तो पाहून, पक्की पावती घेऊनच खरे सोने घ्या. आणि हो, साखळी खेचणाऱ्याला खरे-खोटे कळत नाही. तो आधी ओढतो. म्हणून पहाटे कामावर निघताना खोटी पोतही पदराखाली झाकलेली बरी.

आता आधाराचे. खोटा दागिना गहाण पडत नाही, मोडून पैसे येत नाहीत. म्हणून त्यावर वाचलेला पैसा इकडेतिकडे जाऊ देऊ नका. सोन्याचा दागिना घेताना घडणावळ आणि कर भरावा लागतो, मोडताना ते परत मिळत नाहीत. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत महिना शंभर रुपयांपासून खाते उघडता येते, मुदत पाच वर्षांची. खाते स्वतःच्या नावावर उघडा आणि पासबुक स्वतःजवळ ठेवा.

लेकीचे लग्न ठरवतानाही हेच बोलायला हवे. ‘मुलीच्या अंगावर किती घालणार?’ असा प्रश्न आला तर आईने कर्जाचा कागद करू नये. मुलीला शोभेसाठी मोत्यांचा सेट द्या आणि हातात तिच्या नावाचे पासबुक द्या. यातले तिच्या अडचणीला धावून येणारे काय, ते तिलाही समजावून सांगा.