प्रभूच्या मेजाशीं योग्य कोण?

महिन्याच्या पहिल्या रविवारीं आपल्या अनेक उपासनामंदिरांत एक देखावा नेहमीं दिसतो. उपदेश संपतो, गीत सुरू होतें, आणि पांढऱ्या वस्त्राखालीं झांकलेली भाकर व द्राक्षारस उघडण्यापूर्वीं कांहीं माणसें हळूच उठून बाहेर जातात. त्यांत उनाड मुलें असतात, तसे विचारी गृहस्थहि असतात. कारण विचारलें असतां बहुधा एकच उत्तर मिळतें, "मी अद्यापि योग्य नाहीं." हें उत्तर नम्रतेचें दिसतें, म्हणून त्यावर कोणी आक्षेप घेत नाहीं. परंतु माझें मत असें आहे कीं, या उत्तरांत नम्रता थोडी व गैरसमज फार आहे. आणि या गैरसमजापायीं देवाच्या निकट येण्याचें एक थोर साधन आपण हातचें घालवितों.

गैरसमजाचें मूळ प्रेषित पौलाच्या एका इशाऱ्यांत आहे. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायांत, प्रभुभोजन अयोग्य रीतीनें घेणारा दोषी ठरतो, असें तो बजावितो. पण मूळ ग्रीक भाषेंतील हा शब्द क्रियाविशेषण आहे. तो जेवणाऱ्याची योग्यता मोजीत नाहीं, जेवण्याची रीत तपासतो. ही रीत कोणती होती, तेंहि पौल त्याच अध्यायांत सांगतो. कांहीं जण आपलें जेवण आधींच उरकून घेत व पिऊन धुंद होत; ज्यांच्याजवळ कांहीं नव्हतें ते उपाशी राहून लज्जित होत. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर करिंथ येथें पंक्तिभेद झाला होता! त्यावर पौलानें सुचविलेला उपायहि लक्षांत घेण्याजोगा आहे. आत्मपरीक्षा करून निघून जा, असें तो सांगत नाहीं. आत्मपरीक्षा करून मग जेवा, आणि एकमेकांची वाट पाहा, असें तो सांगतो.

पंक्तीचें मोल आपल्या देशांतील माणसास निराळें समजावून देण्याची गरज नाहीं. कोणाच्या शेजारीं बसून जेवावें व कोणाच्या हातचें पाणी प्यावें, या प्रश्नांवर येथें पिढ्यान् पिढ्या माणसें दुरावलीं. मंडळीहि या दोषापासून मुक्त नव्हती. दक्षिण हिंदुस्थानांतील कांहीं जुन्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळींहि जातिभेद पाळला जाई. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं तो सर्वस्वी टाकून देण्याची आज्ञा केली, तेव्हां कित्येक लोक मंडळी सोडून गेले. पंक्ति मोडण्यापेक्षां त्यांस प्रभूचा प्याला सोडणें सोपें वाटलें! याच्या उलट उदाहरण लक्ष्मीबाई टिळक यांचें. पतीनें १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर त्या प्रथम आपलें सोंवळें संभाळून वेगळें रांधीत. पुढें जातिभेद देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि त्यांनीं कोणाच्याहि हातचें अन्न स्वीकारण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालीं, म्हणजे त्यानंतर झाला. 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास दिसेल कीं, शेजाऱ्याच्या ताटाकडे जाणारी वाटच त्यांस देवाकडे घेऊन गेली.

आतां पहिल्या प्रभुभोजनास कोण बसले होते, तें पाहूं. लूकाच्या वृत्तांताप्रमाणें, धरून देणाऱ्याचा हात त्याच मेजावर होता. प्याला फिरल्यानंतर लागलीच आपणांत मोठा कोण, याविषयीं शिष्यांत वाद लागला. पहांट होण्यापूर्वीं पेत्रानें आपल्या गुरूला तीन वेळां नाकारलें, आणि बाकीचे पळून गेले. योग्यतेची कसोटी लाविली असती, तर त्या रात्रीं प्रभूस एकट्यानेंच जेवावें लागलें असतें. तोच प्रभु पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकांठीं कोळशाच्या विस्तवावर मासळी व भाकर तयार ठेवून त्याच पेत्राला न्याहारीस बोलावितो, आणि न्याहारी झाल्यावर आपलीं मेंढरें त्याच्या स्वाधीन करतो. प्रथम भोजन, मग कामगिरी, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

हें मी केवळ पुस्तकी ज्ञानानें लिहीत नाहीं. वसतिगृहांत असतांना एका क्षुल्लक कारणावरून माझें एका सोबत्याशीं भांडण झालें. पुढें तीन महिने मी प्रभुभोजनाच्या वेळीं उठून बाहेर जात असें, आणि आपण फार प्रामाणिकपणें वागत आहों, असें मनाशीं म्हणत असें. एके दिवशीं मत्तयाच्या ५ व्या अध्यायांतील बोध वाचनांत आला: वेदीपाशीं अर्पण आणल्यावर बंधूचें मन आपल्याविरुद्ध आहे असें आठवलें, तर तें तेथेंच ठेवून आधीं समेट करावा व मग परत यावें. मी अर्पण ठेवून बाहेर जाण्याचेंच तेवढें केलें होतें; समेटहि केला नव्हता व परतहि आलों नव्हतों. माझी 'अयोग्यता' हा क्षमा मागण्याचें टाळणारा अहंकार होता. मीं त्या सोबत्याकडे जाऊन क्षमा मागितली. तो फारसें कांहीं बोलला नाहीं. परंतु पुढच्या रविवारीं आम्ही एकाच बांकावर बसलों, आणि भाकरीचा तो लहानसा तुकडा घेतांना देव मला जितका जवळ वाटला, तितका पूर्वीं कधींहि वाटला नव्हता.

कोणी म्हणेल कीं, अशानें बेफिकीर माणसास मोकळें रान मिळेल. मला तसें वाटत नाहीं. जो मेजाशीं येतो त्यास आपल्या शेजाऱ्याकडे पाहावें लागतें. जो बाहेर जातो त्यास कोणाकडेच पाहावें लागत नाहीं. शिवाय हें भोजन मंदिराच्या दाराशीं संपत नाहीं. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर यानें रविवारच्या उपासनेचें वर्णन केलें आहे. त्यांत गैरहजर असलेल्यांस त्यांचा वांटा घरीं पोंचविला जाई, आणि जमलेल्या दानांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची तरतूद होई. देवाशीं नातें दृढ करण्याची याहून सरळ रीत मला ठाऊक नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या पहिल्या रविवारीं तुमचें मन तुम्हांस उठून जाण्यास सांगेल, तर अवश्य उठा. ज्याचें मन दुखविलें असेल त्याच्याकडे जा, समेट करा, आणि परत या. परत येण्यास मात्र विसरूं नका. योग्य कोण, हा प्रश्न आपण यजमानावर सोपवूं. त्यानें तर आपल्यासाठीं जागा कधींच राखून ठेविली आहे.