इंजिन नवे, ब्रेक मात्र आजोबांचे

जुनी अमेरिकन मोटार म्हटली की डोळ्यांपुढे शेव्हरोलेची इम्पाला नाहीतर एखादी लांबरुंद डॉज उभी राहते. मुंबईला त्या गाड्यांचा खरोखर इतिहास आहे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीत मोटारींची जुळणी सुरू केली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडायला घेतल्या. यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला आली ती मात्र जीप. विलीस कंपनीची ही गाडी महिंद्रने 1940 च्या दशकाअखेरीस मुंबईत जोडायला सुरुवात केली. तिची उंच बॉनेटची सीजे-3बी ही आवृत्ती अमेरिकेत 1968 मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरही कितीतरी वर्षे चालू राहिला. शेतावर, वरातीत, निवडणुकीच्या फेरीत ती आजही दिसते. हौसेने जीप पाळणारेही कमी नाहीत. या हौशी मंडळींबद्दलच माझी तक्रार आहे. जुन्या जीपवर पैसा घालायचा ठरला की तो आधी इंजिन, रंग आणि रुंद टायरांवर जातो. ब्रेक आणि अलाइनमेंटचा नंबर शेवटी लागतो, तोही पैसे उरले तर. हा क्रम उलटा व्हायला हवा आणि तो उलटा व्हावा यासाठी कायद्यानेही वाट मोकळी करून द्यायला हवी.

मूळ विलीस जीपला चारही चाकांना साधे नऊ इंची ड्रम ब्रेक होते. तेव्हाचे पेट्रोल इंजिन, तेव्हाचे रस्ते आणि तेव्हाचा वेग पाहता ते पुरेसे होते. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिने बसली, मग त्याहून ताकदीची बसली. गाडी 80 च्या वेगाने सहज पळू लागली. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले गणित. चाळीसवरून थांबताना लागते त्याच्या चौपट उष्णता त्याच ड्रमला 80 वरून थांबताना पचवावी लागते. ड्रम तापला की फुगतो, शूपासून दूर जातो, लायनिंगची पकड सैल पडते आणि पायडल खाली खाली जात राहते. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. दोन-तीन पावसाळे तेच ऑइल ठेवणाऱ्याला घाटाच्या उतारावर पायडल रिकामे का गेले, याचे कोडे पडायचे कारण नाही.

खरा धोका तर याहून साधा आहे. जुन्या जीपला चार चाकांसाठी एकच मास्टर सिलिंडर आणि एकच मार्ग. कुठल्याही एका चाकाचा रबरी कप फाटला किंवा चेसिसला घासून एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अमेरिकेने 1968 पासून नव्या मोटारींना दुहेरी मार्ग बंधनकारक केला, म्हणजे पुढची चाके गेली तरी मागची उरावीत. हँडब्रेक आहे की, असे कोणी म्हणेल. पण विलीसच्या रचनेत तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर आहे. उभी गाडी धरून ठेवायला तो ठीक, पण शाफ्टचा सांधा तुटला तर तोही त्याच्याबरोबर गेला.

आता आपला जिल्हा पाहा. पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44, तिकडे वणीच्या कोळशाचे ट्रक, इकडे हंगामात कापसाने भरलेल्या बंड्या आणि दिवे नसलेल्या ट्रॉल्या. शिवारातली जीप पांदणीवरून निघते आणि पाच मिनिटांत या वाहतुकीत मिसळते. शिवाय आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ताही लाटांसारखा खालीवर होतो. त्याचा मार थेट जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर बसतो.

म्हणूनच ब्रेक वाढवण्याआधी अलाइनमेंट बघावी, असे माझे म्हणणे आहे. जीपचा पुढचा अ‍ॅक्सल एकसंध, कमानपाट्यांवर बसवलेला. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, अ‍ॅक्सलमध्येच ठरलेला असतो, सुमारे दीड अंश. कॅस्टर, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक वळते त्या किंगपिनचा मागचा कल, सुमारे तीन अंश. तो बदलायचा तर पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालावी लागते. टाय रॉड फिरवून बदलता येतो तो फक्त टो-इन, म्हणजे चाकांचा पुढच्या बाजूने आत वळलेला कल, आणि तोही जेमतेम एक ते अडीच मिलिमीटर. संगणकाच्या पडद्यावर हिरवे आकडे दाखवून अलाइनमेंट करून देणारा माणूस या गाडीत एवढेच करू शकतो. पण किंगपिनची बेअरिंगे झिजलेली, शॅकलचे बुश गेलेले आणि पुढच्या आडव्या पट्टीवरचा बेल क्रँक खुळखुळत असेल तर रॅम्पवर मिळालेला आकडा गाडी खाली उतरताच निरर्थक ठरतो. हा बेल क्रँक म्हणजे स्टिअरिंगचा धक्का दोन्ही टाय रॉडांना वाटून देणारा लोखंडी तुकडा. त्याच्या पिनेत थोडा प्ले आला की चाके आपल्या मनाने वळू लागतात. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे : एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायचे, दुसऱ्याने खाली वाकून बेल क्रँकवर हात ठेवायचा. स्टिअरिंग हलते आणि टाय रॉड थांबूनच राहतो, असे दिसले तर कुठलेही यंत्र लावायची गरज नाही.

अशा गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवले तर काय होईल? ब्रेक जोरात लागेल आणि सैल झालेले चाक त्या जोराने एका बाजूला खेचले जाईल. जीपच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर जेमतेम दोन मीटर, मागचा भाग हलका. तोल गेला तर सावरायला वेळ मिळत नाही. डिस्कच्या बाजूचे लोक ही गोष्ट क्वचितच सांगतात. आणखीही खाचखळगे आहेत. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये दाब धरून ठेवणारी झडप असते; ती तशीच ठेवून डिस्क जोडली तर पॅड सुटत नाहीत, घासत राहतात. विलीसचा मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खाली असतो, त्यामुळे ती झडप पूर्णपणे काढली तर ऑइल मागे वाहते आणि पायडल दोनदा मारावे लागते. डिस्कसाठी हलक्या दाबाची वेगळी झडप लागते. व्हॅक्यूम बूस्टर जोडायचा तर डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा आयता व्हॅक्यूम नसतो, अल्टरनेटरवरचा पंप हवा. अमुक गाडीचा अ‍ॅक्सल भंगारातून आणला आणि जोडला, एवढ्याने ब्रेक सुधारत नाहीत.

यावर मूळपणाच्या आग्रहाचा आक्षेप येतो. तो मला पोकळ वाटत नाही. केंद्राच्या 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणायला मनाई केली. हा सौदा न्याय्य आहे. प्रदर्शनातली जीप 1955 सालासारखी असावी, तिचा ड्रमही तेव्हाचाच असावा. पण ज्याची जीप खतांची पोती घेऊन महामार्ग ओलांडते, त्याने मूळपणाची ढाल पुढे करू नये. इंजिन तीनदा बदलून झाल्यावर ब्रेकच्या बाबतीतच पूर्वजांची आठवण होते, हे तर हास्यास्पद आहे.

कायद्याचा आक्षेप अधिक वजनदार. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 फेरफारांना अटकाव करते, आणि 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा तुरुंगवास, किंवा दोन्ही, ठेवले. त्यामुळे मोठा हॉर्न लावणारा आणि ब्रेक सुधारणारा, दोघेही एकाच पंगतीत बसल्यासारखे होतात. पण त्याच दुरुस्तीने नंतर बसवायच्या भागांसाठी मानके आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. सीएनजीच्या किटचे उदाहरण समोर आहे : किट तपासून मंजूर होते, अधिकृत कारागीर ते बसवतो, आरटीओ नोंद करतो. दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढच्या डिस्कचे संच पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून मंजूर करून याच मार्गाने का देऊ नयेत? मंजूर संच नाही, म्हणून आज हे काम चोरून होते, आणि चोरून झालेल्या कामाची तपासणी कोणी करत नाही.

तपासणीचेही तसेच. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि मोटारीसाठीचे शुल्क 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले. एवढे पैसे घेतल्यावर एम एच 29 च्या, म्हणजे यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात आलेल्या प्रत्येक जुन्या जीपची चारही चाके रोलरवर चढवून डाव्या-उजव्या ब्रेकमधला फरक कागदावर छापून मालकाच्या हाती द्यावा, ही मागणी जास्त नाही. फरक मोठा असेल तर नूतनीकरण थांबवावे.

उरला खर्चाचा प्रश्न. मी तर हळूच चालवतो, मला डिस्क कशाला, असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याचे बरोबर आहे. त्याला डिस्कची गरज नसेलही. त्याने लेथवर ड्रम साफ करून घ्यावेत, लायनिंग पूर्ण टेकते का पाहावे, दर पावसाळ्यानंतर ब्रेक ऑइल बदलून हवा काढून घ्यावी, किंगपिन आणि बेल क्रँक मिस्त्रीकडून आवळून घ्यावेत. शक्य झाले तर एकेरी मास्टर सिलिंडरच्या जागी दुहेरी बसवावा. ही सगळी कामे तालुक्याच्या गावातला चांगला मिस्त्री करू शकतो. फक्त गाडी रंगकामासाठी उभी असताना त्याला हे काम आधी करायला सांगणारा मालक हवा.