आम्ल टाकावें कीं परत घ्यावें?

आपल्या जिल्ह्यांत कारखाने यावेत अशी इच्छा आज सर्वत्र बोलून दाखविली जाते, व ती योग्यच आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा अद्यापि मुख्यत्वें शेतीवर जगतो. पावसाळा संपला कीं येथील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजराथेची वाट धरितात, आणि मुलांची शाळा मागें राहते. घराजवळ काम मिळालें तर हीं मुलें शिकतील. परंतु कारखान्याबरोबर त्याचें सांडपाणीही येतें. तें कोठें जाणार, हा प्रश्न कारखाना येण्यापूर्वींच विचारला पाहिजे, असें आमचें मत आहे. येथें त्या प्रश्नाच्या एकाच अंगाचा, म्हणजे टाकाऊ आम्लाचा, विचार करूं.

पोलादाच्या पत्र्यावर किंवा तारेवर जस्ताचा थर देण्यापूर्वीं त्यावरील गंज काढावा लागतो. त्यासाठीं तो माल गंधकाम्लाच्या किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाकींत बुडवितात. गंज विरघळतो, टाकींत लोखंडाचे क्षार वाढत जातात, व कांहीं काळानें आम्ल मंद पडतें. मंद पडलें म्हणजे निःसत्त्व झालें असें नव्हे. त्यांतील पुष्कळसा भाग अद्यापि मोकळें आम्लच असतो.

अशा आम्लांत चुना घालून तें उदासीन करणें, ही नेहमींची रीत आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. ९८ किलो गंधकाम्लास ७४ किलो विरलेला चुना लागतो, व त्यांतून १७२ किलो जिप्सम तयार होतें. ९८ आणि ७४ मिळून बरोबर १७२! म्हणजे कांहींच नाहींसें झालें नाहीं. आम्ल गेलें, चुना गेला, आणि धातूंनीं दूषित झालेला गाळ मात्र पदरीं पडला.

कित्येक जण तर एवढाही खर्च टाळतात, व त्याचें फळ भलत्यालाच भोगावें लागतें. सुरतेजवळ सचिन येथील औद्योगिक वसाहतींत ६ जानेवारी २०२२ रोजीं पहांटे एका टँकरमधून नाल्यांत रासायनिक द्रव सोडला जात असतां विषारी वायु निघाला, व जवळच्या गिरणींत कामास असलेले ६ कामगार मरण पावले. राजस्थानांत उदयपूरजवळील बिछडी गांवच्या विहिरी रासायनिक गाळानें नासल्या. ज्यानें घाण केली त्यानेंच ती निस्तरण्याचा खर्च सोसावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिला. निकाल न्यायाचा होता. परंतु निकालानें विहिरीचें पाणी गोड होत नाहीं.

यावर एक चांगला उपाय विज्ञानानें दिला आहे. थॉमस ग्रॅहम ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें १८६१ सालीं पटलांतून पदार्थ वेगळे करण्याच्या क्रियेस डायलिसिस हें नांव दिलें. मूत्रपिंडाच्या रोग्यांमुळें हा शब्द आज घरोघरीं माहीत आहे. आम्लासाठीं वापरावयाच्या पटलाच्या अंगीं धन विद्युद्भार जखडलेला असतो. त्याच्या एका बाजूनें वापरलेलें आम्ल, व दुसऱ्या बाजूनें उलट दिशेनें स्वच्छ पाणी संथपणें वाहूं देतात. दाटीकडून विरळाकडे जाणें हा पदार्थांचा धर्मच आहे. आम्लाचे ऋण भाराचे कण पटलांतून पार होतात. लोखंडाचे कण धन भाराचे असल्यामुळें पटल त्यांस मागें लोटतें. हायड्रोजनचा कणही धन भाराचाच, परंतु अत्यंत लहान व चपळ असल्यामुळें तो ऋण कणांच्या पाठोपाठ निसटून जातो. अशा रीतीनें मोकळ्या आम्लापैकीं शेंकडा ८० ते ९० भाग परत मिळूं शकतो. त्यास भट्टी लागत नाहीं, मोठा दाबही लागत नाहीं. पंप चालविण्यापुरती वीज पुरते. आपल्या शेजारीं भावनगर येथें १९५४ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेंत अशा विद्युद्भारित पटलांवर संशोधन चालतें.

ह्या युक्तीस मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. क्रिया मंद असल्यामुळें पटलाचें क्षेत्रफळ पुष्कळ लागतें. तेल किंवा रंगद्रव्यें मिसळलेलें आम्ल आधीं स्वच्छ न केल्यास पटल बुजतें. परत आलेलें आम्ल थोडें सौम्य असतें, व मागें उरलेल्या क्षारांची व्यवस्था करावीच लागते. तरीही चुना कमी लागतो, गाळ कमी होतो, आणि नवें आम्ल कमी विकत घ्यावें लागतें.

लहान कारखानदार म्हणेल, "एवढें भांडवल आम्ही कोठून आणावें?" हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु चुना, गाळाची वाहतूक व नवें आम्ल यांचा खर्च त्यानें हिशेबांत धरला आहे काय? एकट्यास जें जड, तें वसाहतींतील चारपांच कारखान्यांनीं मिळून उभारतां येईल. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचऱ्याविषयींच्या नियमांतही प्रथम कचरा होऊं न देणें, मग तो कमी करणें, मग पुन्हा वापरणें व परत मिळविणें, आणि अगदीं शेवटीं विल्हेवाट लावणें, असाच क्रम लावून दिला आहे. आपण मात्र शेवटच्या पायरीपासून आरंभ करितों!

पांच भाकरी व दोन मासे यांची शुभवर्तमानांतील कथा ह्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. हजारों लोक तृप्त झाल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे वेंचून घेण्यास सांगितलें, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला वाटेल तितकें निर्माण करतां येत होतें, त्यानेंही उरलेलें टाकूं दिलें नाहीं. मग आपण कोण टाकणारे?

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, गांवाजवळ नवा कारखाना येणार असल्यास आणि जनसुनावणी होत असल्यास तेथें अवश्य जावें, व नोकऱ्या किती हें विचारतांना वापरलेल्या आम्लाचें काय करणार, हेंही विचारावें. तापीचें पाणी प्रकाशावरून उकाईस, व उकाईहून सुरतेस जातें. आपण विचारलेला प्रश्न खालच्या गांवांचेंही रक्षण करील. आणि विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंत परीक्षानळींतील उरलेलें आम्ल मोरींत ओततांना क्षणभर थांबा, व तें पुढें कोठें जाणार हें शिक्षकांस विचारा. उद्यां तुमच्यांतीलच कोणी कारखान्याचा रसायनज्ञ होईल. त्यानें ही संवय शाळेंतूनच न्यावी.