कार्डिनल मिळाले, गावकूस मात्र कायम

हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला यांना २७ ऑगस्ट २०२२ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या हस्ते कार्डिनलपदाची लाल टोपी मिळाली, तेव्हा भारतीय कॅथलिक चर्चच्या इतिहासात दोन गोष्टी प्रथमच घडल्या. तेलुगू भाषकांना पहिला कार्डिनल मिळाला आणि दलित समाजालाही. मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले. त्यानंतर हा दिवस उजाडायला तब्बल ६९ वर्षे लागली. भारतातील कॅथलिकांमध्ये दलितांची संख्या मोठी आहे, हे लक्षात घेता हा विलंब बोलका ठरतो.

पूला यांचा जन्म १९६१ मध्ये आंध्रातील कर्नूल जिल्ह्यात झाला. घरच्या गरिबीमुळे सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. मिशनऱ्यांच्या मदतीने कडप्पा येथे त्यांचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. १९९२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढची काही वर्षे कडप्पा धर्मप्रांतातील ग्रामीण धर्मग्रामांत धर्मगुरू म्हणून त्यांनी सेवा केली. त्यानंतर उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले आणि परतल्यावर गरीब मुलांच्या शिक्षणाशी निगडित कामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. २००८ मध्ये ते कर्नूलचे बिशप झाले, २०२० मध्ये हैदराबादच्या आर्चबिशपपदी त्यांची नियुक्ती झाली आणि दोनच वर्षांत ते कार्डिनल झाले. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांची निवड करणाऱ्या १३३ कार्डिनलांत भारताचे चौघे होते. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांच्यासह पूला त्यांपैकी एक होते.

खेड्यातील साध्या धर्मगुरूचा हा प्रवास विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु तो विलक्षण वाटावा, यातच या प्रश्नाचे मूळ आहे.

कॅथलिक चर्चमध्ये बिशपची निवड मतदानाने होत नाही. पोपचे राजदूत गोपनीय विचारविनिमय करून तीन नावांची यादी रोमला पाठवतात आणि अंतिम निर्णय पोप घेतात. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार उमेदवाराचे वय किमान ३५ वर्षे असावे, गुरुदीक्षेला किमान पाच वर्षे झालेली असावीत आणि धर्मशास्त्र, बायबल अथवा चर्चचा कायदा यांतील उच्च पदवी किंवा त्या विषयात खरेखुरे प्रावीण्य असावे, अशी अपेक्षा आहे. नियमात जातीचा उल्लेख कोठेही नाही. मात्र उच्च शिक्षणासाठी कोणत्या धर्मगुरूला पाठवायचे, हे त्या-त्या धर्मप्रांताचा बिशप ठरवतो. आडवळणाच्या धर्मग्रामातून दुसऱ्या आडवळणाच्या धर्मग्रामात ज्याची बदली होत राहते, त्याचे नाव रोमच्या यादीपर्यंत पोहोचणे कठीण. म्हणजे नेतृत्वाचा खरा निर्णय रोममध्ये होण्याच्या कितीतरी वर्षे आधी धर्मप्रांताच्या कार्यालयात झालेला असतो. पूला यांना ही संधी वेळेवर मिळाली. इतर किती जणांना मिळते, हा खरा प्रश्न आहे.

दलित आर्चबिशपचे पहिले उदाहरणही हैदराबादचेच. २००० मध्ये मराम्पुडी जोजी तेथील आर्चबिशप झाले आणि २०१० मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. तरीही विशेषतः तामिळनाडूत दलित कॅथलिकांची तक्रार थांबलेली नाही. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील ख्रिस्ती स्मशानभूमीत सवर्ण आणि दलित यांच्या थडग्यांमधील भिंत अनेक दशके वादाचा विषय राहिली. बिशपांच्या नियुक्तीत डावलले जात असल्याच्या निषेधार्थ तेथे आंदोलनेही झाली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ मध्ये तामिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाबद्दल स्पष्ट शब्दांत समज दिली होती. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये भेदभाव आहे, ही बाब स्वतःच मान्य केली. कबुली महत्त्वाची होती. अंमलबजावणी मात्र प्रत्येक धर्मप्रांतावर सोपवली गेली.

येथेच कार्डिनलपदाची मर्यादा लक्षात येते. कार्डिनल पोपचा सल्लागार असतो आणि ऐंशी वर्षांचा होईपर्यंत पोपच्या निवडणुकीत त्याला मताधिकार असतो. पण दुसऱ्या धर्मप्रांतातील स्मशानभूमीची भिंत पाडण्याचा आदेश तो देऊ शकत नाही. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतापुरता स्वायत्त असून थेट रोमला उत्तरदायी असतो. पूला यांचा आवाज मोठा झाला, त्यांचा हुकूम मात्र स्वतःच्या धर्मप्रांतापुरताच चालतो.

चर्चबाहेरची भिंत कायद्याची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत. आंध्रात धर्मांतरित ख्रिस्ती दलितांना मागासवर्गीय म्हणून अवघे एक टक्का आरक्षण आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली, तर सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये याचिका दाखल झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे पूला कार्डिनल झाल्यानंतर दोनच महिन्यांत, केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. त्याला दोन वर्षांची मुदत होती. ती नंतर वाढवण्यात आली.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. नागपूरच्या १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आणि जालना परिसरात एकोणिसाव्या शतकात महार व मांग समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांच्या वंशजांची प्रतीक्षा संपलेली नाही. दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती धर्मविचाराची मांडणी करणाऱ्यांत १९८० च्या दशकात अग्रभागी असलेले अरविंद निर्मळ हेही मराठीच होते.

आरक्षणाला विरोध करणारे विचारतात, ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग सवलत कशाला? चर्चने स्वतःच्या घरातील भेद मान्य केला, तर ते त्याच्या शिकवणुकीच्या विरुद्ध जाते; नाकारला, तर सरकारदरबारी मागणीचा पायाच ढासळतो. या पेचातून सुटण्याचा सन्मान्य मार्ग एकच आहे. जो न्याय सरकारकडे मागायचा, तो आधी आपल्या धर्मग्रामात द्यायचा. दलित मुलांना गुरुविद्यालयात आणि पुढे उच्च शिक्षणासाठी किती संख्येने पाठवले जाते आणि स्मशानभूमी सर्वांसाठी एक आहे काय, याचा हिशेब प्रत्येक धर्मप्रांताने जाहीरपणे मांडावा.

पूला नोव्हेंबर २०३६ मध्ये ७५ वर्षांचे होतील आणि प्रथेप्रमाणे पोपकडे राजीनामा सुपूर्द करतील. त्यांच्यानंतर दुसरा दलित कार्डिनल मिळायला आणखी सात दशके लागणार की नाही, याचे उत्तर आज कोणत्या तरी खेड्यातील शाळेत सातवीत शिकणाऱ्या मुलाची शाळा सुटते की टिकते, यावर अवलंबून आहे.