टनाचे पैसे मिळतील, जमिनीचं काय?

नारेगावच्या कचरा डेपोचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आधी कचरा तर उचलू द्या, जमिनीचं नंतर बघू." या वाक्याला माझा सक्त विरोध आहे. 'नंतर' म्हणजे कधी? जमीन सपाट, मोकळी आणि चिकलठाणा एमआयडीसी जवळ असल्यामुळे महाग झालेली असेल, तेव्हा. त्या वेळी नारेगाव-मिसारवाडीच्या माणसाला कोण विचारणार?

तुमच्यापैकी जे 2018 मध्ये शाळेत होते, त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. दशकानुदशकं सगळ्या शहराची घाण त्यांच्या दारात पडत होती. शहर कुजायला लागलं. 7 मार्चला गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या, तिथे दगडफेक झाली, लाठीमार झाला, पोलीस घरांत घुसल्याच्या तक्रारी झाल्या आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं. मग राज्य सरकारने सुमारे 90 कोटींचा आराखडा मंजूर केला. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रं ठरली. पण तो भर रोज निघणाऱ्या कचऱ्यावर होता. जुन्या ढिगाचा हिशेब वेगळाच राहिला.

या हिशेबाला कायद्याची मुदत होती. 2016 च्या घनकचरा नियमांनी जुने डेपो साफ करायला किंवा शास्त्रीय पद्धतीने झाकायला पाच वर्षं दिली होती. ती 2021 मध्येच संपली. त्याच वर्षी स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा आला आणि जुन्या कचऱ्यासाठी दर ठरला: टनाला 550 रुपये. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराला त्यातले 25 टक्के केंद्र देतं. 2011 च्या जनगणनेत आपण पावणेबारा लाखांच्या आसपास होतो, म्हणजे टनामागे साधारण 137 रुपये. बाकीची जुळवाजुळव राज्याने आणि महापालिकेने करायची.

मी सिव्हिलवाला नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण ज्या आकड्यावर बिल निघतं तेच काम होतं, हे मला रोजच्या नोकरीतून माहीत आहे. इथे बिल टनावर निघतं. ढीग उकरायचा, चाळायचा, प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीला पाठवायचं, माती वेगळी काढायची आणि वजनकाट्यावर नोंद करायची. पण जे काळं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत झिरपलं, ते कुठल्या वजनकाट्यावर येणार? विहिरी आणि बोअर तपासण्याचा, खालच्या मातीतलं शिसं-कॅडमियम मोजण्याचा खर्च या 550 मध्ये धरलेला नाही. चाळून निघालेली माती कुणाच्या शेतात, कुणाच्या प्लॉटच्या भरावात जाते, हेही कुणीतरी विचारायलाच हवं.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम आणले. ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा आणि तो सापडला नाही तर सरकारने, असं त्यांचं सूत्र आहे. ऐकायला उत्तम. पण कचरा डेपोचा घनकचरा त्यातून मुळातच बाजूला ठेवलाय, कारण त्याला वेगळे नियम आहेत! एका कायद्यात टन आहेत, जमीन नाही. दुसऱ्यात जमीन आहे, पण डेपोच्या कचऱ्याला बाहेर ठेवलंय. आणि हे अशा शहरात, ज्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्येच 77.44 गुण देऊन देशातल्या अतिगंभीर प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत बसवलं होतं.

आता मुंबईच्या देवनारकडे बघा. 1927 पासूनचा डेपो, शेजारी गोवंडी-शिवाजीनगरची दाटीवाटीची, बहुतांशी मुस्लिम वस्ती. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथली 124 एकर जमीन धारावी पुनर्विकासाला द्यायचं ठरलं. या प्रकल्पात अदानी समूह भागीदार आहे. मे 2025 मध्ये मुंबई महापालिकेने 185 लाख टन कचरा उचलण्यासाठी 2,368 कोटींची निविदा काढली. भागाकार करा: टनाला 1,280 रुपये. दर जास्त असायला तांत्रिक कारणं असतील, मान्य. पण क्रम बघा. गोवंडीने धूर गिळला तेव्हा पैसा नव्हता. जमीन प्रकल्पाला हवी झाली, तेव्हा जनतेच्या तिजोरीतून निघाला.

पैसाच नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला इंदूर दाखवा. देवगुराडियाचा सुमारे 13 लाख टनांचा ढीग तिथल्या महापालिकेने मोठ्या ठेकेदाराला न देता यंत्रं भाड्याने घेऊन उपसला. दहा कोटींच्या आत काम झालं आणि 100 एकर जमीन मोकळी झाली. सल्लागार होते असद वारसी. आपल्या इंजिनिअर पोरांनी हे नाव माहीत करून घ्यावं.

शहराचं नाव बदललं तेव्हा आपल्या ग्रुपांवर रात्ररात्र मेसेज पडत होते. ते दुःख मी हलकं समजत नाही. पण नारेगावच्या निविदेतलं एक कलम कुणी शेअर केल्याचं मला आठवत नाही. सफाई ईमानचा हिस्सा आहे हे जुम्म्याच्या बयानात ऐकायचं आणि डेपो म्हणजे महापालिकेचं काम म्हणून सोडून द्यायचं, हे जमणार नाही. शिवाय हा एकट्या मुसलमानांचा प्रश्नही नाही. तिथे भंगार गोळा करणारी आपली माणसं आहेत, दलित कामगार आहेत, मांडकीचे शेतकरी आहेत. गाड्या अडवल्या त्या शेवटी गावकऱ्यांनीच.

महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकाने कारभार केला. त्यामुळे कागद मागायची सवयच मोडलीय. ती परत लावू या. माहिती अधिकारात नारेगावचा सातबारा, निविदा, मातीचे आणि पाण्याचे तपासणी अहवाल आणि विकास आराखड्यात या जमिनीवर टाकलेलं आरक्षण मागा. ही जमीन विकता किंवा भाडेपट्ट्याने खासगी प्रकल्पाला देता येणार नाही, हा ठराव काम संपण्याआधी झाला पाहिजे. दवाखाना हवा, मैदान हवं, की दुसरं काही, हे नारेगाव-मिसारवाडीच्या लोकांनी ठरवावं. पण पाण्याचा अहवाल साफ आल्याशिवाय तिथे एकाही कुटुंबाला घर देऊ नये, मग ते कितीही मोफत असो.

अर्जाला दहा रुपये लागतात. नमुना मी मराठीत तयार केलाय, उर्दूतही करून देतो.